पायरीवरचे मामा चार दिवसांत परत का आले?

सोलापूरच्या नवी पेठेत दुकान असलेल्या एका भावाने विचारलंय: "आमच्या दुकानाच्या पायरीवर पाच-सहा महिन्यांपासून एक म्हातारे मामा झोपतात. कुणीतरी फोन केला, गाडी आली, त्यांना निवाऱ्यात घेऊन गेले. चार दिवसांनी बघतो तर मामा परत त्याच पायरीवर. मग महापालिका बेघरांसाठी नेमकं करते काय आणि हे जमत का नाही?"

उत्तर लांबणार मालक, चहा घेऊन बसा. ज्यांना एका ओळीत हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगतो, मामांना खाट मिळाली पण खाट ही त्यांची अडचणच नसणार. आता सविस्तर.

मी सतरा-अठरा वर्षं या कामात आहे. सुरुवातीला दवाखान्यात सोशल वर्कर होतो, नंतर बरीच वर्षं एका निवारा केंद्राचा मॅनेजर, आणि मधे रात्रीचे सर्व्हे भरपूर केले. सरकारी माणूस नाही, पण सरकारी पैशावर चालणाऱ्या केंद्रात काम केलंय म्हणून दोन्हीकडचं ऐकून घ्यायची सवय आहे.

तुमचे मामा कोण ते मला माहिती नाही, पण त्यांच्यासारख्याच एकांची गोष्ट सांगतो. साठी उलटलेली, पूर्व भागातले, म्हणजे शहरातल्या तेलुगू विणकरांच्या वस्तीतले, सगळं आयुष्य मागावर गेलं. कारखाना बंद पडला, पोरगा भिवंडीला गेला तो गेलाच, बायको वारली आणि वर्षभरात भाड्याची खोली सुटली. स्टेशनकडं एका हॉटेलात भांडी घासायचे. रात्री बारा-साडेबाराला कढया-पातेली घासून सुटका आणि पहाटे साडेचारला भट्टी पेटायच्या आत हजर. मधल्या चार तासासाठी हॉटेलशेजारच्या शटरची पायरी. आमचं केंद्र तिथून तीनेक किलोमीटर, गेट रात्री दहाला बंद. मामा चार रात्री आले, साडेबाराला सुटून चालत चालत एकला पोचायचे, गेट वाजवायचे, वॉचमन डोळे चोळत उठणार, रजिस्टरवर अंगठा, आणि परत पावणेचारला त्यालाच उठवून बाहेर. चौथ्या रात्री वॉचमन करवादला, मामा पाचव्या रात्री आलेच नाहीत. मी शोधत गेलो तर म्हणले, "साहेब, तुमची गादी चांगलीय, पण माझी रोजी इकडं हाय की ओ."

यात चूक कुणाची? वॉचमनची नाही, त्यालाही झोप लागते. मामांची तर नाहीच. चूक त्या दहाच्या नियमाची, जो कुणीतरी हॉस्टेल डोळ्यापुढं ठेवून लिहिला. आम्ही तो बदलून घेतला, म्हणजे कामावरून उशिरा येणाऱ्यांची वेगळी यादी, मालकाचा फोन नंबर लिहून ठेवायचा आणि त्यांना गेट कधीही उघडायचं. एवढ्याशा गोष्टीला चार महिने लागले कारण केंद्रावर देखरेख करणाऱ्या समितीची मीटिंगच लागत नव्हती. तोवर मामा सिद्धेश्वर पेठेत एका गोडाऊनवर राखणीला लागले होते, राहायची सोय तिथंच. आमच्यामुळं नव्हे, स्वतःच्या हिकमतीनं.

म्हणून पहिली गोष्ट डोक्यातून काढा की बेघर म्हणजे रिकामा माणूस. मला भेटलेल्यातले बरेचसे कामावर असतात. लग्नसराईत वाढपी, मार्केट यार्डात हमाल, भंगार गोळा करणारे, मागाच्या कांड्या भरणारे, हॉटेलातले, गाडी ढकलणारे. पायरी ते यासाठी निवडतात की ती कामाजवळ असते. दिवे असतात, गुरखा असतो, पहाटे चहाची गाडी लागते. तुमची पायरी मामांनी काहीतरी हिशोब करून निवडलीय, तो हिशोब काय हे त्यांना कुणी विचारलं होतं का?

आता महापालिका काय करते ते. निवारा केंद्रं ही कुणाची दया नाही, त्यामागं सुप्रीम कोर्ट आहे. अन्नाच्या हक्काची जी केस २००१ पासून चालू होती तिच्यात २०१० मध्ये दिल्लीतल्या थंडीवरून कोर्टाने कान पिळले आणि मग तो विषय सगळ्या राज्यांपर्यंत गेला. २०१३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान काढलं, आपण सगळे एनयूएलएम म्हणतो, त्यात शहरी बेघरांसाठी निवारा हा एक वेगळा भाग. नियम असा की दर एक लाख लोकसंख्येमागं किमान शंभर माणसांची कायमची सोय, चोवीस तास उघडी, माणशी पन्नास चौरस फूट जागा, सामान ठेवायला लॉकर, पाणी, संडास, स्वयंपाकाची जागा, आणि हे सगळं जिथं बेघर माणसं असतात तिथं जवळ. आता सोलापूर घ्या, २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख. म्हणजे साडेनऊशे खाटा. तुमच्या वॉर्डात किंवा शेजारच्या चार वॉर्डांत मिळून किती दिसतात ते तुम्हीच मोजा, मी बोलत नाही.

चालवायला पैसा किती, तर पन्नास जणांच्या केंद्राला वर्षाला सहा लाख असा आकडा होता. महिन्याला पन्नास हजार. त्यात मॅनेजर, तीन शिफ्टचे केअरटेकर, सफाई, लाइट बिल, फिनेल, गाद्यांचे खोळ. वर पाणी. सोलापूरात पाणी रोज येत नाही हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, घरी टाकी बांधून आपण भागवतो, पण पन्नास माणसं रोज अंघोळ करतात म्हणल्यावर काय होत असेल, टँकरचा खर्च कुठल्याच इस्टिमेटात नसतो. आणि ते अभियान ३० सप्टेंबर २०२४ ला संपलं. त्यानंतर केंद्र चालू ठेवायचं म्हणजे महापालिकेने स्वतःच्या बजेटात त्याचं हेड, म्हणजे खर्चाचा वेगळा रकाना, धरलं पाहिजे. दिव्यांगांसाठी पाच टक्के, महिला-बालकल्याणासाठी पाच टक्के राखून ठेवायचे असतात हे माहिती असतं सगळ्यांना, बेघर या शब्दाला मात्र स्वतःचं टक्केवारीचं हेड नाही. ज्याचं हेड नाही त्याचं कुणी विचारत नाही, ऑफिसात हा साधा नियम आहे.

एक गोष्ट मला कायम खटकत आलीय. हा सगळा विषय दिल्लीच्या थंडीतून आल्यामुळं सगळीकडं डोक्यात हिवाळा बसलाय. डिसेंबर आला की घोंगड्या वाटायच्या, फोटो, पेपरात बातमी. अहो, सोलापूरात माणूस थंडीनं कमी आणि उन्हानं जास्त खचतो. एप्रिल-मेत पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो तेव्हा दुपारी बारा ते पाच रस्त्यावरचा म्हातारा कुठं जाणार? झाडाखाली, एसटी स्टँडच्या पंख्याखाली, तिथून उठवलं की दवाखान्याच्या व्हरांड्यात. आणि नेमकं त्याच वेळी बरीच केंद्रं सकाळी आठला "चला बाहेर, झाडायचंय" म्हणून माणसांना काढतात आणि संध्याकाळी सातला घेतात, कारण सगळ्यांच्या तोंडी अजून "रात्र निवारा" आहे. नियमात चोवीस तास लिहिलंय. आम्ही एका उन्हाळ्यात नुसता दुपारचा हॉल उघडा ठेवला, दोन रांजण, ओआरएसची पाकिटं आणि खाली टाकायला सतरंज्या. रात्री कधी न येणारे लोक दुपारी आले. त्यातूनच आमची निम्मी ओळख झाली. घोंगडी द्यायची तर द्या, पण ती दिवसा ठेवणार कुठं हा विचार करा, ठेवायला जागा नसली की दुसऱ्या दिवशी ती शंभर रुपयाला जाते आणि मग आपणच म्हणतो बघा विकून दारू पिले.

मोजणीचं थोडं सांगतो कारण तिथूनच सगळं बिघडतं. २०११ च्या जनगणनेत एका रात्रीत, २८ फेब्रुवारीला, देशभर बेघर मोजले. साडेसतरा लाखाच्या वर निघाले, महाराष्ट्रात दोन लाख दहा हजारच्या आसपास. एका रात्रीत मोजलेला आकडा कमीच असणार, हे या कामातलं शेंबडं पोरगं पण सांगेल. सर्व्हे म्हणजे रात्री अकरा ते तीन. चादर डोक्यावरून पायापर्यंत घेतलेली, चपला उशाखाली, पिशवीची दोरी मनगटाला. आपण ती चादर ओढायची नाही, ही आमची पहिली शिकवण. बाजूला बसायचं, बॅटरी जमिनीकडं धरायची, हळू आवाजात हाक मारायची. पूर्व भागात तेलुगू येणारा एक जण बरोबर पाहिजे, विजापूर नाक्याकडं कन्नड येणारा. मराठीत विचारलं की माणूस "काही नाही साहेब, सकाळी जातो" म्हणतो, कारण त्याच्या अनुभवात रात्री बॅटरी घेऊन येणारा फक्त उठवायला येतो. तेलुगूत "अण्णा, तिन्नावा" म्हणलं की, जेवलास का म्हणून विचारलं की, उठून बसतो.

आणि बाई तर सर्व्हेत दिसतच नाही. ती एकटी फुटपाथवर झोपत नाही, झोपूच शकत नाही. ती बहिणीकडं आठ दिवस, मावशीकडं चार दिवस, मग रूपाभवानीच्या देवळाच्या आवारात, मग कुणा पेशंटची नातेवाईक आहे असं सांगून दवाखान्यात. कागदावर ती बेघर नाहीच.

मोजून झालं की आकडा वर जातो, माणूस खालीच राहतो. मला विचाराल तर आकड्यापेक्षा नावनिशी यादी पाहिजे. नाव, झोपायची जागा, काम, दुखणं, कागद कुठले आहेत, शेवटचं कोण भेटलं आणि कधी. दर पंधरा दिवसाला ती यादी घेऊन निवाऱ्याचा माणूस, दवाखान्याचा माणूस, पोलीस चौकीतला एक जण आणि वॉर्डातला एक जण अर्धा तास बसले पाहिजेत, बास. साधी वही चालते. आम्ही दोन वर्षं चालवली, चौऱ्याऐंशी नावं होती. वहीमुळं कळलं की त्यातले वीस-बावीस जण असे आहेत की जे दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात भरती होतात, बरे होतात, परत त्याच जागेवर येऊन आजारी पडतात. त्या बावीस जणांवर लक्ष दिलं तर निम्मी धावपळ वाचते. मग मी दुसरीकडं गेलो, वही कपाटात गेली, ते कपाट आता कुठंय देव जाणे.

निवाऱ्यात सगळ्यात मोलाचं काय मिळतं माहितीय का, पत्ता. खाट, गादी, जेवण हे सगळं नंतर. बेघर माणसाकडं आधार नसतं असं लोकांना वाटतं, खरं म्हणजे बहुतेकांचं काढलेलं असतं, कार्ड हरवलेलं असतं आणि नंबर पाठ नसतो. नवीन काढायला गेलं की रिजेक्ट, कारण ठसे आधीच सिस्टिममध्ये आहेत. मग ठसे देऊन जुनंच शोधायचं. आता भांडी घासून घासून किंवा विड्या वळून बोटं गुळगुळीत झालेली, ठसा उठत नाही, मग डोळ्याचं स्कॅन. मोतीबिंदू असला तर ते पण अडतंय. एका आजोबांसाठी आम्ही आधार केंद्रावर पाच चकरा मारल्या, पाचव्या वेळी उजव्या हाताच्या करंगळीचा ठसा लागला. पोराला परीक्षेत पास झाल्यावर होतो तसा आनंद झाला आम्हाला. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने ठरलेल्या नमुन्यात पत्त्याचा दाखला दिला की तो आधारला चालतो. हे बऱ्याच निवाऱ्यांच्या मॅनेजरनाच माहिती नसतं, किंवा माहिती असून सही करायला घाबरतात, उद्या काही झालं तर म्हणून.

आधार झालं की बँकेत खातं, मग संजय गांधी निराधार योजना, महिन्याला पंधराशे. पासष्टच्या वर असेल तर श्रावणबाळ योजना. त्यात उत्पन्नाचा दाखला लागतो, पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा लागतो, आणि पंधरा वर्षं रस्त्यावर राहिलेला माणूस पंधरा वर्षांचा पुरावा कुठून आणणार हे विचारायचं नाही. इथं जुनं मतदार यादीतलं नाव कामाला येतं, कधी मिलच्या पीएफचा कागद, कधी विडीचं लेबर कार्ड. बाय द वे, बेघर माणसाला मतदान करता येतं. फॉर्म सहा भरायचा, झोपायची जागा हाच पत्ता, आणि बीएलओने, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याने, एकापेक्षा जास्त रात्री तिथं जाऊन माणूस खरंच झोपतो का बघायचं, त्याला पत्त्याचा कागद मागायचा नाही. निवडणूक आयोगाच्या सूचनेतच आहे हे. रात्री जाणारा बीएलओ मिळाला तर मला जरूर सांगा, त्याचा सत्कार करू.

आता बेघर होऊच नये म्हणून काय करायचं तो भाग, ज्याबद्दल कुणीच विचारत नाही.

अशोक चौकाच्या बाजूला एक विडी कामगार बाई राहायची, दोन पोरी, नवरा रिक्षा चालवायचा. नवरा गेला. खोलीचं भाडं अडीच हजार. पानं-तंबाखू आणून दिवसभर वळलं तरी हातात किती पडतंय हे विडीवाल्या घरात जन्मलेल्याला सांगायला नको. तीन महिने भाडं थकलं, डिपॉझिट त्यातच वळतं झालं, मालकाने सांगितलं एक तारखेला खोली खाली करा. त्याला पण दोष देत नाही मी, त्याचंही त्या भाड्यावरच चाललेलं. बचत गटातली एक ताई तिला आमच्याकडं घेऊन आली, महिना संपायला अकरा दिवस होते. लागत होते साडेसात हजार. बस्स. मी दोन ऑफिसं फिरलो, नावं घेत नाही. एकीकडं म्हणले, त्या अजून बेघर कुठं आहेत, बेघर झाल्या की आणा, आमच्याकडं जागा आहे. दुसरीकडं म्हणले चांगला प्रस्ताव आहे, पण हेड नाही.

हिशोब मांडतो. पन्नास खाटांना वर्षाला सहा लाख म्हणजे सगळ्या खाटा भरलेल्या धरल्या तरी माणशी बारा हजार. ती बाई आणि दोन पोरी आल्या असत्या तर वर्षाला छत्तीस हजार, पोरींची शाळा सुटली असती ते वेगळं. आणि एकदाच साडेसात हजार द्यायला हेड नाही. शेवटी मालकाशी बोलून एक महिन्याचं भाडं माफ करून घेतलं, उरलेलं एका चादरवाल्या व्यापाऱ्याने दिलं, नाव सांगू नका म्हणले. त्या बाईला नवऱ्याच्या मागं विधवा म्हणून संजय गांधीचे पैसे चालू झाले आणि खोली टिकली. अशी खोली टिकली की कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही, लाभार्थी शून्य.

इंग्लंडमध्ये यावर कायदाच आहे. २०१७ चा, एप्रिल २०१८ पासून लागू. एखाद्याचं घर पुढच्या ५६ दिवसांत सुटणार असं दिसत असेल तर ते सुटू नये म्हणून त्या माणसाला मदत करणं हे तिथल्या स्थानिक कौन्सिलचं कायदेशीर काम. आणि ऑक्टोबर २०१८ पासून दवाखाने, तुरुंग यांनी पण असा माणूस दिसला की त्याची संमती घेऊन कौन्सिलला कळवायचं. तिकडचे बेघर संपलेत असं अजिबात नाही, लंडनच्या रस्त्यावर पण माणसं झोपतात. पण "आधी बेघर व्हा मग या" असं म्हणायची सोय तिथल्या साहेबाला उरली नाही एवढं नक्की. आपल्याकडं ५६ दिवस राहू द्या, ११ दिवस जरी दिले ना.

दवाखान्याचं मुद्दाम बोलतो कारण तिथं मी काम केलंय. माणूस रस्त्यावरून भरती होतो, पायाचं ड्रेसिंग, शुगर, टीबी, काहीही. डॉक्टर चांगले असतात, उपचार होतात. डिस्चार्जच्या कागदावर लिहितात, पंधरा दिवस पाय वर ठेवून आराम, रोज ड्रेसिंग, पथ्य. आराम कुठं करायचा? एका दवाखान्यातून मी स्वतः एकाला गेटपर्यंत सोडलंय, हातात गोळ्यांची पिशवी, आणि तो मला विचारतोय, "आता कुठं जाऊ ओ?" तेव्हा मी पंचविशीचा होतो, काय उत्तर द्यायचं सुचलं नाही, वीस रुपये दिले. सहा आठवड्यांनी तो परत आला, तेव्हा पाय कापावा लागला. डिस्चार्जच्या दोन दिवस आधी निवाऱ्याला एक फोन, आणि निवाऱ्यात आजाऱ्यांसाठी खालच्या मजल्यावर चार खाटा राखीव, एवढं केलं तरी फरक पडतो. त्याला ना योजना लागते ना जीआर, दोन माणसांनी एकमेकांचे नंबर सेव्ह करायला लागतात.

म्हाताऱ्या आईबापांचं वेगळंच प्रकरण. घर पोराच्या नावावर करून दिलं आणि सुनेशी जमलं नाही की बाहेर. सोलापूर स्टेशन म्हणजे अक्कलकोट, पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूर अशा सगळ्या देवांच्या वाटेवरचं, त्यामुळं दर्शनाला म्हणून आणून सोडलेले म्हातारे आम्हाला दरवर्षी भेटतात. आईवडील आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे, प्रांतसाहेबांच्या न्यायाधिकरणात अर्ज करायचा, महिन्याला दहा हजारापर्यंत निर्वाह खर्च मिळू शकतो, आणि बक्षीसपत्रात सांभाळायची अट लिहिली असेल आणि पोरगं सांभाळत नसेल तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. टाकून देणं हा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद. हे वाचणाऱ्यात कुणाचे आईवडील घर नावावर करायच्या विचारात असतील तर ती अट लिहून घ्यायला सांगा, रागावू नका. मी रोज बघतो म्हणून सांगतोय.

घरकुलांचं म्हणाल तर या बाबतीत सोलापूरने देशाला दाखवण्यासारखं काम केलंय, पण ते महापालिकेपेक्षा कामगार चळवळीचं. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकाराने कुंभारीला विडी कामगारांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, आणि नंतर रे नगर, असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरं, त्यातल्या पहिल्या पंधरा हजारांचं उद्घाटन १९ जानेवारी २०२४ ला झालं. तिथं घर मिळालेली विडीवाली नवरा गेला म्हणून रस्त्यावर येणार नाही, कारण भाडंच नाही. बेघर होणं रोखणं म्हणतात ते हेच. फक्त पायरीवरच्या मामांना त्याचा उपयोग नाही. त्यात स्वतःचा हिस्सा भरायचा असतो, कर्ज असतं, आणि कुंभारी गावाबाहेर, पहाटे साडेचारला भट्टीवर कोण पोचवणार? मामांना लागते ती हजार-बाराशे भाड्याची, शहरात, कामाजवळ, एका माणसाची खोली. पूर्वी मिलच्या चाळीत अशा खोल्या मिळायच्या, मिल गेल्या तशा खोल्या पण गेल्या, आणि महापालिकेच्या कुठल्याच योजनेत अशी खोली बांधायचं कुणाच्या मनात नाही. माझं मत विचाराल तर सगळ्यात मोठी गॅप हीच आहे.

गाडीत घालून नेण्याबद्दल. जबरदस्तीने उचलून नेलेला माणूस टिकत नाही, हा माझा अनुभव शंभरातल्या नव्वद जणांचा. वर त्याची वळकटी, स्टोव्ह, कधी कागदांची पिशवी तिथंच राहते आणि कचऱ्याच्या गाडीत जाते. म्हणजे दोन वर्षांची कागदाची मेहनत एका रात्रीत गेली. आणि भीक मागण्याविरुद्धचा १९५९ चा कायदा आपल्याकडं अजून आहे. दिल्ली हायकोर्टाने २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या त्यातल्या बऱ्याच तरतुदी रद्द केल्या, महाराष्ट्रात तो चालूच आहे, त्यामुळं गाडी दिसली की माणसं पळतात. त्या गाडीवर निवारा लिहिलंय का अजून काही ते रात्री कोण वाचतंय.

फक्त एकाच बाबतीत थांबायचं नाही, माणूस मानसिक आजारी दिसत असेल, अंगावर कपडा नसेल, स्वतःची काळजी घेता येत नसेल तर. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १००, पोलिसांनी त्याला संरक्षणात घ्यायचं, चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं, आणि हरवल्याची नोंद करून नातेवाईक शोधायचे. ते त्यांचं काम आहे, उपकार नाहीत. आमच्याकडं अशी एक बाई होती, फक्त कन्नड, गावाचं नाव सांगायची ते आम्हाला नकाशात कुठंच सापडेना, जिल्हा-तालुका विचारलं की गप्प. एका म्हाताऱ्या केअरटेकर मावशीने विचारलं, "बाजार कुठला करत होतीस? जत्रा कुठली?" पटकन इंडी म्हणली, म्हणजे कर्नाटकातलं, सोमवार-मंगळवार काहीतरी सांगितलं, जत्रेचा देव सांगितला. तिकडच्या ठाण्यात फोन केला, आठ दिवसात भाऊ आला. तेव्हापासून आमच्या फॉर्मवर तालुक्याच्या आधी बाजाराचा रकाना आहे. पण घरी पाठवलं की काम झालं असं समजू नका, पंधराव्या दिवशी फोन, महिन्याने फोन. गोळ्या बंद झाल्या की तीच गाडी तिला परत सोलापूरला आणते.

तर तुमच्या मामांचं. पायरीवर रात्री पाणी मारून ठेवू नका, काही दुकानदार करतात, माणूस शेजारच्या पायरीवर सरकतो एवढंच. रात्री दुकान बंद करताना पाच मिनिटं थांबा आणि काम कुठं करतात, कितीला सुटतात, सकाळी कितीला जातात ते विचारा. निवाऱ्यात चार दिवस काय झालं तेही, गेटची वेळ, सामान, ढेकूण, भांडण, काहीतरी ठोस कारण निघतंच. पिशवीत कागद कुठले आहेत बघा, आणि सामान ठेवायला तुमच्या दुकानात एक कोपरा देता आला तर चार घोंगड्यांपेक्षा मोठी मदत होईल. सहीचं धाडस असेल तर माहितीच्या अधिकारात दोनच गोष्टी मागा, तुमच्या भागातल्या केंद्राच्या समितीच्या मागच्या वर्षातल्या मीटिंगा किती झाल्या आणि गेटची वेळ कुणी ठरवली. एवढं कळलं की मला सांगा, पुढचं आपण मिळून बघू. आणि मामांचं गाव आठवत नसलं तर बाजार कुठला करायचे ते विचारा.